फायबरची टाकी आणि डॉक्टरांचा ओढा

मी फडकं फिरवत होते आन् माझा अंगठा टाकीत रुतला.

रुतला म्हणजे खरोखरच रुतला. दुधात भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा. हात मागं घेतला तर अंगठ्याला लाल रंग आला, आन् रंगाखाली काहीतरी चिकट, काकवीसारखं. मी त्याच्याकडं बघेपर्यंत त्या खड्ड्यातून थेंब पडायला लागले. पेट्रोल.

घटस्थापनेची सकाळ होती. आत देवघरात माझ्या सुनेनं, रेखानं, नुकतेच घट बसवले होते. अखंड दिवा लावला होता. देवघर आन् माझं पत्र्याचं शेड यांच्यामध्ये फक्त एक दार, आन् ते उघडं.

"रेखा, दिवा!" मी ओरडले.

"लावला की, आत्याबाई."

"लावलाय ते दिसतंय मला! हितं पेट्रोल गळून राहिलं!"

ती दारात आली, वास घेतला आन् तिचा चेहराच उतरला. नऊ दिवसांचा दिवा पहिल्याच सकाळी विझवायचा कसा? तिच्याच्यानं विझवणं होईना, माझ्याच्यानं सांगणं होईना. शेवटी दिवा राहिला जागेवर आन् मोटरसायकल आम्ही बाहेर काढली. दोघींनी ढकलत ती रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत नेली. वाटेत पेट्रोलची एक रेघ पडत गेली. रेखानं त्यावर बादल्याच्या बादल्या माती टाकली. आन् अर्ध्या-पाऊण तासात गाडीचे मालक गाडी न्यायला दारात येणार होते.

आता गाडी कुणाची, माझ्याकडं कशी, ते सांगते.

मी देगलूरची. लोक मला वायंडिंगवाल्या आक्का म्हणतात. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी जळतात, त्यांच्या आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, त्याला वायंडिंग म्हणतात. हे मी कुठल्या शाळेत शिकले न्हाई. जळकी मोटर उघडायची, जुनी तार उलगडत तिचे वेढे मोजायचे, तेवढेच परत घालायचे. असं करत करत शिकले. पुढं कुणीतरी जुन्या मोटरसायकलची कॉईल घेऊन आला. जुन्या गाड्यांना बॅटरी नसायची. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या आत एक कॉईल असायची, ठिणगी तीच द्यायची. ती मोटरीसारखीच गुंडाळता येते. एकाची गाडी सुरू झाली तशी दुसरा आला, मग हैदराबादकडून आले, आन् नुसती कॉईल नको, अख्खी गाडीच बघा म्हणायला लागले. असं माझ्या अंगणाचं गॅरेज झालं.

ही गाडी देवणीच्या जाधव डॉक्टरांची. गुरांचे डॉक्टर, आता रिटायर, सत्तरी ओलांडलेले. गाडी परदेशी, ट्रायलची. ट्रायल म्हणजे शर्यत, पण वेगाची न्हाई. दगडधोंडे, चढ, पाण्याचे ओहोळ यातून हळूहळू, गाडीवर उभं राहून जायचं. म्हणून या गाडीला सीट नावापुरतंच असतं, माणसानं त्यावर बसावं अशी अपेक्षाच न्हाई. धरणाच्या कामावर आलेल्या एका परदेशी इंजिनियरची ही गाडी. त्याचं कुत्रं डॉक्टरांनी मरणातून वाचवलं, आन् देश सोडताना तो ही गाडी त्यांना देऊन गेला.

डॉक्टरांच्या कामाला ती फार उपयोगी पडली. त्यांच्या तेव्हाच्या नोकरीच्या भागातल्या एका वस्तीला जायला रस्ता नव्हता, मध्ये दगडांचा ओढा. जीप जात नव्हती. हे मात्र औषधांची पिशवी पाठीला बांधून, गाडीवर उभे राहून पलीकडं. अडलेली गाय असो, विषबाधा असो. पुढं बदली झाली, गाडी कडब्याच्या शेडात गेली, आन् तिथंच राहिली.

माझ्याकडं आली तेव्हा इंजिन जाम होतं, कॉईल ओलीनं गेलेली, क्लच चिकटलेला.

"आक्का, घाईनं पायजे," डॉक्टर म्हणाले. "नवरात्रात लातूरला दोन्ही गुडघे बदलायचेत. सर्जननं सांगितलंय, त्यानंतर असल्या गाडीवर उभं राहायचं नाव काढू नका म्हणून. त्याआधी मला एकदा तो ओढा पार करायचाय."

"बास, एकदाच?"

"एकदाच. मग ही गाडी पोरं विकोत, न्हाईतर हॉलमध्ये ठेवोत."

शेजारी त्यांच्या मंडळी बसलेल्या. मी त्यांना वैनी म्हणते. त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये? माझ्या हॉलमध्ये? इतकी वर्षं ही सवत कडब्यात होती तेच बरं होतं."

तर मी कामाला लागले. इंजिन डिझेल आन् तेलात मुरत ठेवलं, सुटलं. पिस्टनच्या रिंगा हैदराबादहून आणल्या, कानस मारून बसवल्या. कॉईल गुंडाळली. टाकी फायबरची होती. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, त्याचे थरावर थर, आन् त्यांना धरून ठेवणारं रेझिन नावाचं चिकट रसायन, जे वाळून दगडासारखं होतं. टाकी आतून स्वच्छ होती, कुठं तडा न्हाई. मी फक्त बाहेरून लाल रंग दिला. ट्रायलसाठी वजन कमी पायजे, म्हणून फायबर. एवढंच मला ठाऊक होतं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी डॉक्टर-वैनी दोघं आले. पहिल्या दोन किका वाया गेल्या, तिसऱ्या किकला असा धूर सोडला तिनं की शेजारच्या तेलगू बाई "अय्यो" करत घरातनं बाहेर आल्या. डॉक्टर हँडल धरून नुसते उभे.

नेताना वैनी म्हणाल्या, "थांबा. रिकामी न्यायची न्हाई. घरात येणारं भांडं भरून यावं."

"अगं, टाकी हाय ती, भांडं नव्हं."

"भरा म्हणते ना!"

डॉक्टर स्वतः कॅन घेऊन पंपावर गेले. मी तेल मिसळून दिलं. या गाडीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. टाकी काठोकाठ भरली. तेवढ्यात वैनींना आठवलं, की दुसऱ्या दिवशी पितरपाठ लागतोय. पितरपाठात नवी वस्तू घरी आणत न्हाईत.

"अगं, नवी कुठाय? जुनीच हाय."

"नवी होऊन चालली न्हाई का? घटाच्या दिवशी नेऊ."

पेट्रोल परत काढावं असं कुणालाच वाटलं न्हाई. वाटायचं कारणच काय? भरलेलं भांडं शुभ, पितरपाठ अशुभ, दोन्ही सांभाळलं होतं. पंधरवडाभर गाडी माझ्या शेडात भरल्या टाकीनं उभी. अधेमधे मी ती सुरू करून बघायची. शेवटी एकदा दोन मिनिटं चालून ती घुसमटली आन् बंद पडली. मला वाटलं, प्लगवर काजळी धरली असेल. घटाच्या सकाळी पुसते आन् प्लग बघते, असं म्हणून ठेवलं. आन् त्या सकाळी अंगठा आत गेला.

पिकअप येऊन थांबला. डॉक्टर उतरले, हातात नारळ. मागं वैनी, नऊवारीत, हळदीकुंकवाची ताटली घेऊन. मी मोकळ्या जागेत, मातीच्या ढिगाशेजारी. त्यांना वाटलं, पूजेसाठी गाडी बाहेर काढलीय.

"वा, आक्का! तयारीत दिसताय!"

मी फक्त बोट दाखवलं. तोवर टाकीची एक बाजू खाली बसली होती. लाल रंगावर फोड आले होते, आन् कडेनं काचेचे धागे उघडे पडले होते, गोधडी उसवल्यासारखे.

डॉक्टरांनी हात लावला. रंग हाताला आला. त्यांनी हाताकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तिथंच एका दगडावर बसले. नारळ मांडीत.

"हे काय झालं?" एवढंच म्हणाले.

"न्हाई माहीत," मी म्हणाले. आन् खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं यंत्रांत गेली. जळालेलं बघितलं, फुटलेलं बघितलं, उंदरांनी खाल्लेलं बघितलं. टाकी विरघळलेली कधी बघितली नव्हती.

मी नजीरभाईंना फोन लावला. ते आमच्या गावात फायबरचे कूलर आन् दारं बनवतात. ते स्कूटरवर आले, टाकीभोवती एक फेरी मारली, खाली बसून वास घेतला.

"आक्का, इसको स्पिरिट पिलाये क्या?"

"पेट्रोल घातलं, भाई. पंपावरचं. साधं."

"तेच ते." त्यांनी कपाळाला हात लावला. "आजकल पेट्रोलात इथेनॉल रैता. ते स्पिरिटच समजा. जुने फायबर का रेझिन उसको सहता नहीं, हळूहळू मेणासारखं होतं. नये रेझिन अलग आते. ये कब का है?"

"तुमच्या-माझ्या लग्नाच्या आधीचं."

"फिर तो गया," ते म्हणाले, आन् खिशातनं रुमाल काढून तोंड पुसत बसले. त्यांनाही बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर केली. "इथेनॉल म्हणजे उसाचं?"

"हाव. कारखान्यात निघतं ते," नजीरभाई म्हणाले.

डॉक्टरांची देवणीत शेती आहे आन् दरसाल त्यांचा ऊस कारखान्याला जातो, हे मला तेव्हा कळलं, वैनींच्या तोंडून.

"लावा अजून ऊस!" त्या म्हणाल्या. "दरसाल सांगते, सोयाबीन घ्या, सोयाबीन घ्या. आपल्याच उसानं आपली टाकी खाल्ली!"

खरं सांगते, दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी कुणीच हसलं न्हाई. हसू यायला वेळ लागला.

"नवी टाकी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नजीरभाई साचा काढून करून देतील. पण महिना जाईल."

"परवा ऑपरेशन हाय."

"पुढं ढकला की."

"दोनदा ढकललंय, आक्का. गाडीसाठीच. आता पोरगा ऐकत न्हाई, सर्जन ऐकत न्हाई, आन् खरं म्हणजे गुडघेही ऐकत न्हाईत."

म्हणजे जे काय व्हायचं ते आज. टाकी गेली तर ओढा गेला. आन् ओढा गेला की मग आयुष्यभर गेला.

वैनी ताटली तशीच हातात धरून उभ्या. त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या फवारणीच्या पंपातपण तेल मिसळलेलं पेट्रोलच घालतात की."

शेतकरी औषध फवारायला पाठीवर इंजिनाचा पंप घेतात. त्या इंजिनाला छोटी प्लास्टिकची टाकी असते. आजच्या पेट्रोलसाठी बनवलेली, आजच्या प्लास्टिकची. एक-दीड लिटर तरी मावतं. ओढा पार करायला किती लागणार?

"वैनी, तुम्ही बसा," मी म्हणाले. "रेखा, चहा टाक. शेडात न्हाई, आत. आन् तो मधला दरवाजा लाव."

माझ्याकडं दुरुस्तीला आलेला एक पंप पडून होता. त्याच्या मालकाला मी फोन केला. तो म्हणाला, "न्या की आक्का, सध्या फवारणी कुठाय?" त्याची टाकी काढली. तोटी होती, नळी जुळली. गाडीच्या सांगाड्यावर जुन्या टाकीच्या जागी ठेवून बघितली. एवढीशी दिसत होती, घोड्यावर मांजर बसवल्यासारखी. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आवळून बांधली. टाकी कार्बोरेटरच्या वर असली की झालं, पेट्रोल आपोआप खाली उतरतं.

खरी भीती खाली होती. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आन् हवा मोजून मिसळणारं भांडं. ते उघडलं आन् मी परत गार झाले. विरघळलेलं रेझिन आत जाऊन बसलं होतं, तपकिरी, पाकासारखं. सुई चिकटलेली, केसाएवढी भोकं बंद. गाडी घुसमटली ती काजळीनं न्हाई, यानं. ते इंजिनात किती गेलं असेल? किक दाबून बघितली. जड जात होती, पण जात होती. अजून चार दिवस तसंच उभं राहिलं असतं, तर सगळं वाळून इंजिन परत जाम.

थिनरनं कार्बोरेटर धुतला. भोकं एका बारीक तारेनं साफ केली. वायंडिंगची तार, दुसरी कुठली असणार? इंजिनात प्लगच्या जागेतून तेल-पेट्रोल सोडलं, किका मारल्या, बाहेर काढलं, परत सोडलं. नजीरभाईंनी किका मारल्या, पिकअपच्या ड्रायव्हरनं मारल्या, रेखानं पण पदर खोचून दोन मारल्या. डॉक्टर उठायला लागले तशा वैनी म्हणाल्या, "बसा! गुडघे परवापर्यंत टिकले पायजेत."

दुपार कलल्यावर गाडी सुरू झाली. आधी पांढरा धूर, मग करकरीत आवाज. वैनींनी लगेच ताटली पुढं केली. कुंकू कुठं लावावं कळेना, टाकी तर पंपाची. शेवटी हँडलला लावलं. नारळ फोडला, तो मात्र लांब, आन् कापूर लावू द्यायचं मी साफ नाकारलं.

गाडी पिकअपमध्ये चढवली. मी पण बसले. अशा गाडीबरोबर मी माणूस एकटा पाठवत न्हाई.

ओढ्याजवळ पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. डॉक्टर उतरले, चार पावलं पुढं गेले आन् थांबले. मागनं मी गेले. आन् त्या दिवसातला दुसरा धक्का तिथं उभा होता.

ओढा नव्हता. म्हणजे होता, पण ओढ्यासारखा नव्हता. मशिननं खोलीकरण झालेलं. दोन्ही कडा सरळ कापलेल्या, मध्ये खोल, सपाट तळ, आन् त्यावर सिमेंटचा पूल. पुलावरून एक पोरगी सायकलवर वस्तीकडं निघाली होती, फोनवर बोलत.

"दगड?" डॉक्टर म्हणाले. "इथं दगड होते. हत्तीएवढे. मी डोळे झाकून सांगीन कुठला कुठं होता."

बदलीनंतर ते तिकडं कधी फिरकलेच नव्हते. फिरकायचं कारणच पडलं नव्हतं. रस्ता आला, पूल आला, वस्तीतल्या गुरांना दुसरे डॉक्टर आले. आन् यांच्या डोक्यात ओढा तसाच.

वैनी पूल ओलांडून पलीकडं गेल्या, तिथं एका ढिगासमोर उभ्या राहिल्या आन् हाक मारली, "अहो! हे बघा!"

खोलीकरणात काढलेले दगड काठावर लोटून दिले होते. ढीग नव्हे, टेकाड. हत्तीएवढे दगड तिथं होते, सगळे, एकावर एक, मध्ये बाभळी उगवलेल्या. एका अंगानं थोडा उतार होता.

डॉक्टर पूल ओलांडून ढिगाशी गेले, मागनं पिकअप आला. मग मला म्हणाले, "ट्रायलमध्ये एक नियम असतो, आक्का. दगडावरून जाताना पाय खाली टेकला की दंडाचा एक गुण. न टेकता पलीकडं गेलात, तर तुमचा शून्य. शून्य म्हणजे सगळ्यात चांगला."

"मग तुमचा किती असायचा?"

"पेशंट वाट बघत असायचा, तेव्हा कोण मोजतंय?"

मी टाकीच्या पट्ट्या एकदा ओढून बघितल्या. तोटी उघडली. त्यांनी किक मारली आन् पायदानावर उभे राहिले. गुडघे थरथरत होते, आम्हाला लांबून दिसत होतं. गाडी पहिल्या दगडावर चढली. दुसऱ्यावर. पुढचं चाक एका फटीत गेलं, त्यांनी अंग मागं टाकलं, चाक वर आलं. वैनी तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होत्या. वरच्या दगडाच्या अलीकडं गाडी अडली, मागचं चाक जागेवर फिरलं, आन् डॉक्टरांचा डावा पाय खाली आला. टेकला. क्षणभर वाटलं, संपलं. पण त्यांनी पाय उचलला, गाडी ओरडली आन् माथ्यावर गेली.

वर उभे राहून त्यांनी आमच्याकडं बघितलं.

"एक!" वैनी ओरडल्या. "एक टेकला! मी बघितला!"

"हाव, एक," वरनं आवाज आला. "लिहून ठेव."

खाली मात्र आम्ही गाडी हातानं उतरवली, आन् डॉक्टरांना पिकअपच्या ड्रायव्हरनं धरून. तेवढ्यावर माझी हुकमत चालली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. डॉक्टर आता घरात चालतात, बांधावर जातात, सोयाबीन अजून घेतलेलं न्हाई. नजीरभाईंनी नव्या रेझिनची टाकी करून दिली, फवारणीची टाकी मी तिच्या मालकाला परत केली. गाडी वैनींच्या हॉलमध्ये आहे. टाकी कोरडी.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जुनी गाडी असेल तर एवढंच सांगते. टाकी कशाची आहे ते आधी बघा. चुंबक लावा. चिकटला तर लोखंडाची आहे, निवांत चहा घ्या. चिकटला न्हाई आन् टाकी फायबरची निघाली, तर चहा नंतर, आधी पेट्रोल काढा. आन् मुहूर्त बघायचाच असेल, तर भरायचा बघा. काढायचा बघू नका.